अर्ध्या शिडीचं मुखपृष्ठ

माझ्या बहिणीचा नवरा मला पहिल्यापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यासाठी मी नंतर बरीच सभ्य कारणं शोधली. कामाचा ताण, परदेशी लोकांच्या पद्धती, गैरसमज. त्यातलं एकही खरं नाही. मला तो माणूस आवडत नव्हता आणि त्याचं नाव खराब करायची संधी चालून आली तेव्हा मी ती घेतली.

आम्ही पुण्याजवळच्या वारज्याचे. वारजं गाव होतं तेव्हाचे. वडिलांची जमीन आधी बायपासमध्ये आणि मग सोसायट्यांमध्ये गेली, आणि जिथे आमची ज्वारी असायची तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. मी इंजिनियर झालो, हिंजवडीला नोकरीला लागलो. आमच्या भावकीत गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवणारा मी पहिला. पण आल्यागेल्याला वडील सांगायचे ते जावयाबद्दल. "आमचं पाव्हणं पुस्तकावरली चित्रं काढत्यात. आत नाव छापतात त्यांचं." वडिलांना वाचायला वेळ लागायचा, पण पुस्तक उघडून 'मुखपृष्ठ' या शब्दापुढचं जावयाचं नाव ते बरोबर बोट ठेवून दाखवायचे. मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर कुठेच माझं नाव नसायचं.

दाजी मूळचे साताऱ्याकडचे. चित्रकला शिकायला पुण्यात आले आणि पेठेतल्या दोन खोल्यांत कायमचे राहिले. गावाकडची बोली त्यांनी सोडली होती. पुण्याचा तिरकसपणा मात्र जन्मानं पेठेतल्या माणसालाही जमणार नाही इतका उचलला होता. माझी मोठी बहीण एका सहकारी बँकेत होती, त्यामुळे घराला स्थैर्य होतं आणि दाजींना मनासारखं काम करता यायचं. मला तेही खुपायचं.

"दाजी, आता कॉम्प्युटर घ्या," मी एकदा म्हणालो. "हल्ली दोन तासांत कव्हर होतं."

"घेतो की. तो पुस्तक वाचणार असेल तर आजच घेतो."

त्यांची पद्धत अशी होती. प्रकाशकाकडून हस्तलिखित आलं की ते सगळं वाचायचे. मग पुन्हा एकदा वाचायचे, आणि या दुसऱ्या वाचनात हाताला लागतील अशा वस्तू तेवढ्या टिपून ठेवायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला. दुःख, प्रेम, एकटेपणा असलं काही नाही. तांब्या, कुलूप, रेशनकार्ड, तुटलेली चप्पल. त्या यादीतली एकच वस्तू शेवटी चित्रात यायची. आणि दुसरा नियम असा की त्याच पुस्तकाचं दुसऱ्या कुणी केलेलं मुखपृष्ठ आपलं चित्र पुरं होईपर्यंत बघायचं नाही. भाषांतरांच्या बाबतीत हा नियम पाळणं अवघड, कारण मूळ पुस्तक प्रकाशकाच्या टेबलावरच पडलेलं असायचं. दाजी त्याला आधी वर्तमानपत्राचं कव्हर घालायला लावायचे आणि मगच खुर्चीत बसायचे. प्रकाशकाच्या ऑफिसात यावरून हसत असत. मीही हसायचो.

योगायोग असा की माझी नोकरीच मुखपृष्ठं बघण्याची झाली. वायटूकेची धामधूम संपली होती आणि आमच्या कंपनीला हॉलंडमधल्या एका मोठ्या पुस्तक-विक्रेत्याचं काम मिळालं होतं. एकच कादंबरी दहा देशांत दहा रूपांत निघते. नाव बदलतं, आकार बदलतो. हे सगळं मुळात एकच पुस्तक आहे हे कॉम्प्युटरला ओळखता यावं, असा तो प्रोग्रॅम होता. ओळखण्यात चूक होते का ते माणसांनी तपासायचं. पडद्यावर मुखपृष्ठं ओळीनं यायची आणि खाली दोन बटणं, होय आणि नाही. माझ्या हाताखाली सात जणांची टीम होती. दिवसभर आम्ही होय-नाही करत असू.

काही महिन्यांत आम्हाला देश ओळखता यायला लागले. माणूस पाठमोरा असला की ब्रिटन. अक्षरं एवढी मोठी की चित्राला अंग चोरून उभं राहावं लागतंय, आणि कोपऱ्यात सोनेरी शिक्का, म्हणजे अमेरिका. करड्या फोटोत रिकामी खुर्ची, जर्मनी. पांढरट कागदावर नुसतं नाव, बँकेच्या पासबुकासारखं, ते फ्रान्स. आणि इटलीत कथा खाणीतल्या कामगारांची असली तरी एक अनवाणी मुलगी समुद्राकडे बघत उभी. टीममधली अमरावतीची मुलगी ओरडायची, "सर, आली पाहा पुन्हा! या पुस्तकात बाईच नाही, मग ही काऊन उभी आहे?"

आम्ही खूप हसायचो. आमच्यापैकी कुणीही त्यातलं एक पुस्तक वाचलेलं नव्हतं.

आमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला दाजी आले होते. जेवणं झाल्यावर कुणीतरी विचारलं, सध्या काय चाललंय. ते म्हणाले, एका परदेशी कादंबरीचं भाषांतर आलंय, त्याचं वाचन. नाव सांगितलं. मी एकदम पुढे झालो.

"अहो, त्याची सगळी कव्हरं पाठ आहेत मला! सात देशांतली."

"कादंबरी वाचलीस?"

"नाही, म्हणजे थोडक्यात माहीत आहे. दोन भाऊ आहेत, बर्फातलं घर आहे."

"म्हणजे मुलगी न बघता तिच्या साड्या बघून आलास."

खोलीभर हशा झाला. माझ्या ऑफिसमधले चार जण हसले. सगळ्यात जास्त वडील हसले, मांडीवर थाप मारून. तो हशा मी कितीतरी दिवस कानात बाळगला. आज लिहितानाही तो मला मूळ आवाजात ऐकू येतो आणि आजही राग येतो. हेही सांगायला हवं.

पुढच्याच महिन्यात मला कामासाठी दीड महिना हॉलंडला पाठवलं. तिथल्या एका मोठ्या दुकानात परदेशी भाषांचं वेगळं दालन होतं. मी तीच कादंबरी शोधून पाच देशांच्या पाच प्रती घेतल्या. ब्रिटिश, अमेरिकन, जर्मन, फ्रेंच आणि तिथली डच. बाकीच्यांनी चॉकलेटं आणि सेंटच्या बाटल्या आणल्या, मी बॅगेत पुस्तकं भरली. प्रेमानं आणली असं म्हणायला मला आवडेल. मला त्या माणसाला दाखवायचं होतं की जग तुझ्या लग्नपत्रिकांवर चालत नाही. वारज्याला येऊन मी पाचही पुस्तकं डच वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वरून सुतळी बांधली. वडील कडब्याच्या पेंढीला मारायचे तशी निरगाठ मारली. ती सुटत नाही, कापावीच लागते.

पेठेतल्या त्या खोलीत ताईनं चहा ठेवला होता. मी गठ्ठा दाजींच्या हातात दिला.

"घ्या. जग काय करतं ते बघा."

त्यांनी तो तळहातावर तोलला. "दोन किलो तरी भरेल. रद्दीवाला परदेशी मालाला वेगळा भाव देतो का?"

"उघडा तर."

"चित्र झाल्यावर उघडीन."

"घाबरता का?"

"हो," ते म्हणाले, अगदी सरळ. आणि स्टुलावर चढून त्यांनी गठ्ठा कपाटावर ठेवून दिला. ताई म्हणाली, "अहो, एवढ्या लांबून आणलंय त्यानं." ते म्हणाले, "म्हणूनच वर ठेवतोय. खाली ठेवला तर मोह होईल."

चारेक महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ताई बँकेत होती. दाजी खिडकीपाशी चित्रावर बसले होते. मी आल्यावर त्यांनी चित्रावर फडकं टाकलं. कपाटावर गठ्ठा तसाच.

"अजून उघडला नाहीत?"

"चित्र झालं नाही अजून."

"राहू द्या मग. मला ऑफिसात लागतात ती पुस्तकं."

"ने."

लागत वगैरे काही नव्हती. मीच स्टुलावर चढलो, गठ्ठा काढला. वर बोटभर धूळ होती. सुतळी तीच, गाठ तीच, माझी निरगाठ. वर्तमानपत्राची घडीसुद्धा हललेली नव्हती. हे मी नीट पाहिलं, कारण मला त्याचाच राग आला होता. घरी येऊन मी खोलीत एकट्यानं सुतळी कापली. म्हणजे गठ्ठा शेवटपर्यंत बंद होता हे जगात फक्त दोन माणसांना माहीत होतं.

त्याच संध्याकाळी मी ती पुस्तकं वडिलांच्या पलंगावर मांडली. इटालियन आणि जपानी मुखपृष्ठांचे प्रिंट ऑफिसातून आणले होते, तेही शेजारी ठेवले. ब्रिटिश मुखपृष्ठावर बर्फातून चालत जाणारा पाठमोरा माणूस. अमेरिकनवर लाल अक्षरं आणि खिडकीत अर्धी बाई. जर्मनवर खुर्ची. फ्रेंचवर काही नाही. इटालियनवर ती आपली मुलगी, या खेपेला बर्फात अनवाणी. जपानीवर एक अंडं, त्याचा संबंध मला अजून कळलेला नाही.

"समदी एकाच पुस्तकाची?" वडिलांनी विचारलं. "मंग ह्यात बाई हाय का न्हाय?"

"नाही."

"मंग कशाला घातली?"

मी मार्केटिंग, टार्गेट वगैरे सांगायला लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डच पुस्तक उचललं होतं. त्यावर भिंतीला टेकवलेली एक शिडी होती. अर्धी. वरची दोन्ही टोकं करवतीनं नुकतीच कापल्यासारखी पांढरी, आणि माळ्याचं दार तिच्यापासून हातभर वर.

"ही वाटणी हाय," वडील म्हणाले.

"काय?"

"वाटणी झालीया ह्यांची. आमची झाली तवा तुझ्या चुलत्यानं जात्याची वरली तळी नेली. खालची आमच्यात ऱ्हायली. दोघांच्यात बी दळाण न्हाय." मग पुस्तक खाली ठेवून म्हणाले, "हे ज्यानं काढलं त्याला ठावं हाय."

त्यातलं एक अक्षरही वाचता न येणाऱ्या माणसानं त्या सातांतून ते एकच ओळखलं. मी वर्षभर होय-नाही करत होतो, मला ती नुसती मोडकी शिडी वाटली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी प्रकाशकांचा फोन आला. दाजींचं चित्र झालं होतं. करारात अट होती की मुखपृष्ठ छापण्याआधी मूळ लेखकाच्या परदेशातल्या एजंटाला दाखवून होकार घ्यायचा. "तुम्ही त्यांचे मेहुणे ना? मग ते ईमेल तुम्हीच करा," प्रकाशक म्हणाले. "आमच्याकडे फॅक्स आहे, पण तो पावसाळ्यात सुट्टीवर असतो."

मी त्यांच्या ऑफिसात जाऊन चित्र पाहिलं. आमच्याकडे गोठ्यात असायची तसली जाडजूड लाकडी शिडी. शेणानं सारवलेली भिंत. खालून, लहान मुलाला दिसेल तशी दिसणारी. पायथ्याशी लाकडाचा भुसा. शिडी अर्धी. वरची टोकं पांढरी.

मला आनंद व्हायला हवा होता. हजारो मैलांवरच्या दोन माणसांनी एकच पुस्तक नीट वाचलं होतं आणि दोघांचा हात एकाच वस्तूवर पडला होता. बाकीच्या देशांनी बाई, बर्फ, खुर्ची, अंडं काढलं होतं, आणि हे दोघेच घरात शिरले होते. पण मला त्या क्षणी वाटलं ते एवढंच की आता सापडलास.

पुढचं मी आजवर लिहून ठेवलेलं नाही. एजंटाला पाठवायचं होतं एक चित्र. मी पाठवला आमच्या कामातला असतो तसा तक्ता, एका पानावर सगळ्या देशांची मुखपृष्ठं ओळीनं आणि शेवटी मराठी. वर लिहिलं, तुलनेसाठी. मराठी चित्राच्या अगदी शेजारी डच येईल अशी रचना केली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रकाशकांना आपण काय पाठवलं हे कळायचा प्रश्नच नव्हता.

उत्तर आलं ते सौम्य होतं. त्यांनी लिहिलं होतं की दोन चित्रांत साम्य आहे, असं कधीकधी होतं. चित्रकारानं डच आवृत्ती आधी पाहिली होती का एवढं कृपया कळवा. पाहिली नसेल तर आमची काही हरकत नाही.

'नाही' एवढं उत्तर हवं होतं. दाजींनी काढलेलं चित्र त्यांचं आहे की उचललेलं, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

प्रकाशकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी डच पुस्तक बरोबर नेलं होतं. ते टेबलावर ठेवलं तेव्हा दाजींनी ते पहिल्यांदा पाहिलं. जवळ ओढलं. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा चेहरा होता.

"यानं वाचलंय," ते म्हणाले.

"ते राहू द्या," प्रकाशक म्हणाले. "हे तुम्ही आधी पाहिलं होतं का?"

"नाही."

प्रकाशक माझ्याकडे वळले. "पुस्तक तुमचं. यांच्याकडे होतं कधी?"

"हो. मी आणून दिलं होतं."

"घरी?"

"घरी. चार महिने तिथेच होतं."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य संपायची वाट बघत असल्यासारखं पाहिलं. मी प्रकाशकांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. माझ्या तोंडात पुढचे शब्द तयार होते, 'पण उघडलं नव्हतं', एवढेच. ते मी गिळले.

"होतं का तुमच्याकडे?" प्रकाशकांनी त्यांना विचारलं.

"होतं."

"मग आता मी काय समजू, तुम्हीच सांगा."

दाजी उठले. "तुम्हाला समजायचं ते समजा," म्हणाले, आणि जिन्याशी काढलेल्या चपला घालून गेले. चित्र टेबलावरच राहिलं.

पुस्तक निघालं ते ब्रिटिश आवृत्तीच्या फोटोसह. बर्फात पाठमोरा माणूस. पुण्यातलं प्रकाशनाचं जग दोन-तीन पेठांत मावतं. तिथे एक वाक्य पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. 'ते उचलतात.' दाजींचं काम आधी कमी झालं आणि मग थांबलं. मी स्वतःला सांगायचो, कॉम्प्युटर आले, त्यामुळे थांबलं. काही अंशी ते खरंही असेल. दाजी शाळेतल्या मुलांचे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे क्लास घ्यायला लागले. घागर, वांगं आणि घडी पडलेला रुमाल, असं स्थिरचित्र मांडून ठेवायचे आणि मुलांच्या कागदांवरून फिरायचे.

ताई वारज्याला आली तेव्हा मी गाडी धूत होतो. तिनं पर्सही खाली ठेवली नाही.

"तू काय सांगितलंस तिथे?"

"दिलं होतं ते दिलं होतं म्हणालो. तुझ्यासमोरच दिलं ना मी?"

"त्यांनी उघडलं होतं का?"

"मला काय माहीत?"

ती पाण्याच्या पाइपकडे बघत म्हणाली, "मला ते म्हणतात नाही उघडलं. मी घरी नसताना काय केलं ते मला कसं कळणार?" हे तिनं मला विचारलं नाही, स्वतःलाच विचारलं. मी नळ बंद केला. प्रकाशकासमोर मी अर्धं खरं बोललो होतो. ताईला मी पूर्ण खोटं सांगितलं. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या बाईच्या मनात मी नवऱ्याबद्दल संशय ठेवला आणि गाडीचं बॉनेट पुसलं.

वडील पुढच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत विचारायचे, "पाव्हण्यांचं नवं पुस्तक न्हाय आलं?" त्यांना आम्ही काही सांगितलं नाही.

ती कादंबरी मी वाचली आठ वर्षांनंतर, मराठी भाषांतरात, कंपनीच्या बसमध्ये. हिंजवडीच्या रस्त्यावर बस एकेक तास हलायची नाही. दुसऱ्या कशासाठीतरी दुकानात गेलो होतो, कोपऱ्यात सवलतीत लावलेली दिसली. शिडी कापण्याचं प्रकरण मध्यावर येतं. दोघे भाऊ शिडी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवतात आणि एकेक बाजूनं करवत धरतात. कित्येक वर्षांत त्यांनी एकत्र केलेलं ते एकच काम. पुढे कादंबरीभर माळा वर तसाच राहतो, बापाच्या सामानासकट. वाचणाऱ्या कुणालाही मुखपृष्ठावर दुसरं काही काढता आलं नसतं. ज्यानं वाचलं त्यानं तेच काढलं असतं. वाकडच्या पुलाखाली बसमध्ये बसून मला हे कळलं. त्या आठवड्यात मी ऑफिसला दोन दिवस गेलोच नाही.

आधी प्रकाशकांकडे गेलो. म्हातारे झाले होते, खुर्ची तीच. मी सगळं सांगितलं. तक्ता, गाठ, गिळलेले शब्द. त्यांनी चष्मा काढला.

"अहो, वारज्याहून इथे यायला आठ वर्षं लागली? बस बदलावी लागते का?"

"माझी चूक झाली."

"चूक हिशोबात होते. याला दुसरा शब्द आहे, पण तुम्ही चहा घेतलाय माझ्याकडे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझीही घाई होती. मला लवकर उत्तर हवं होतं. ते खरं आहे का, हे मी कुठे विचारलं?"

ते म्हणाले, दुसरी आवृत्ती काढतोय. त्यांनाच मुखपृष्ठ करायला सांगतो, तेच करू द्या, शिडीचं. मूळ चित्र त्यांनी कपाटातून काढून माझ्या हातात दिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.

ते घेऊन मी पेठेत गेलो. क्लासची मुलं नुकतीच गेली होती, वांगं अजून टेबलावर होतं. ताई स्वयंपाकघरात होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोललो, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दाजींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी चित्र पुढे केलं, प्रकाशकांचा निरोप सांगितला.

त्यांनी चित्र हातात घेतलं नाही.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार नव्हता, तरी विचारला. "गठ्ठा उघडलाच नव्हता असं?"

"मी सांगितलं असतं तर ती सफाई. तू सांगितलं असतंस तर ती साक्ष."

"आता देतोय साक्ष."

"आता मला त्याचा काय उपयोग आहे ते सांगू? बस." मी बसलो. "ते दुसरं चित्र मी त्या दिवशी इतका वेळ पाहिलं की ते डोळ्यातून गेलं नाही. आता मला दोन्ही शिड्या एकदमच दिसतात. माझी आधी होती, हे मला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. मग लोक म्हणत राहिले, हीसुद्धा बघत राहिली." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान केली. "आता रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी मुलांना घागर शिकवताना वाटतं, मी तो गठ्ठा उघडला असेन का? उघडून पुन्हा बांधला असेन?"

"नाही. गाठ माझी होती."

"तू नीट पाहिलंस?"

"नीट पाहिलं. धूळसुद्धा तशीच होती."

"निरगाठच होती?"

"निरगाठच. घरी जाऊन मी कापली."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी इतकं लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"शपथ घेतो, दाजी. खरं बोलतोय."

"तेव्हाही तू खरंच बोलला होतास."

त्यांच्या बाजूचा जगात एकच साक्षीदार होता आणि तो मी होतो. माझी साक्ष निकामी करणाराही मीच.

ताई दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. "तू बोललास, मोकळा झालास," ती मला म्हणाली. "मी ह्यांना आठ वर्षं खोटं समजले, ते मी कुणाला सांगू?"

दुसऱ्या आवृत्तीचं काम दाजींनी घेतलं नाही. प्रकाशकांना लेखी नकार कळवला, एका ओळीत. पुस्तक पुन्हा त्या पाठमोऱ्या माणसासह निघालं. चित्र माझ्याकडेच आहे. मी ते भिंतीवर लावलेलं नाही, लावायचा मला हक्क नाही. हे सगळं लिहिणार असं मी दाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "लिही. नावं घालू नकोस. नाव घातलंस की लोक म्हणतील, मेहुण्यानं वकिली केली." म्हणून नावं घातलेली नाहीत. त्यांचं नाव गेलं ते नावानिशी गेलं होतं, आणि मी ते परत देतोय ते असं, निनावी. यातून ते त्यांना मिळणार नाही हे मला समजतं.

मी वर्षातून दोन-तीनदा त्यांच्याकडे जातो. ते मला बसायला सांगतात. मुलांची चित्रं तपासता तपासता, मध्येच, मान वर न करता विचारतात, "सुतळी तीच होती ना?" मी म्हणतो, "तीच होती." ते 'हं' म्हणतात आणि पुढचा कागद उचलतात.